एसी बंद करून पाहिलेलं घर

मंडळी, आता आपल्यालाही दुबईत घर विकत घेता येतं, म्हणून आज दुपारी आम्ही एक नवा व्हिला बघून आलो. हॉलची पश्चिमेकडची अख्खी भिंत काचेची. मला बघताक्षणी आवडली.

माझी बायको मेधा एजंटला म्हणाली, "एसी बंद कर दीजिए. हम थोडी देर बैठेंगे."

तो हसला, पण त्याने बंद केला. अर्ध्या तासात हॉलमध्ये बसवेना. लेकीने काचेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "आई, इट्स बर्निंग." शेवटी आम्ही उत्तरेकडच्या स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. तिथे बरं होतं.

"बाहेरून छज्जा बांधून घेऊ," मी म्हणालो.

"बाहर से कुछ भी चेंज अलाउड नहीं है, सर," एजंट म्हणाला.

"म्हणजे घर आपलं, पण ऊन अडवायचं नाही. नुसता एसी चालवत राहायचा," मेधा म्हणाली.

आम्ही नको म्हणून सांगितलं.  परतताना गाडीतही तो हॉल मला हवाच होता.

तुमच्यापैकी कोणी एसी बंद करून घर पाहिलंय का? आणि तरीही घेतलंत का?