तोतरेसाहेब

माझी सून दुभाष्यांची परीक्षा घेते. माणसं सी नावाच्या भाषेत लिहितात आणि कंपायलर नावाचा दुभाष्या ते संगणकाला त्याच्या भाषेत सांगतो. संगणक बदलला की दुभाष्याही वेगळा. सून सगळ्यांना एकच काम देते आणि बघते, कोण नीट सांगतो, कोण चटकन, कोण घोळ घालतो. माझी शाळा दुसरीत सुटली, त्यामुळे एवढं समजावताना तिचा बराच चहा गार झाला.

नव्या संगणकाचा कंपायलर तिच्या ऑफिसातल्या एका वयस्क साहेबांनी केला होता. माणूस अगदी मितभाषी. सुनेने कामाला दिलेल्या बेरजेचं उत्तर जुन्या संगणकांवर बरोबर यायचं, यांच्याकडे मात्र दर वेळी नवाच आकडा. सुनेची जीभ तिखट. भर बैठकीत म्हणाली, "हा कंपायलर तोतरा आहे!" सगळे खो खो हसले. साहेबांचं नाव पडलं तोतरेसाहेब, आणि त्यांचा कंपायलर मोडीत काढायची भाषा सुरू झाली.

एकदा जेवताना सून घास हातात धरून बसली.

"काय गं, मीठ जास्त झालं?"

"आई, चूक माझीच होती."

बेरीज ज्या खणात ठेवायची, तो आधी शून्य करायला ती विसरली होती. जुन्या संगणकांवर तिथे नशिबाने शून्यच असायचं. नव्यावर आधीच्या कुणाचं तरी उष्टं.

"म्हणजे भांडं न विसळता चहाला नावं ठेवलीस!"

"हसू नका ना. त्या कंपायलरने मला बजावलंही होतं. मी वाचलंच नाही."

"मग जिथे बोललीस तिथेच सांग."

तिने भर बैठकीत सांगितलं. कंपायलर वाचला. पण घरी आली ती तोंड एवढंसं करून.

"रागावले?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, तुमच्यावर विश्वास होता, म्हणून तुमचं काम उघडून बघितलंच नाही. माझ्याच कामात खोट शोधत बसलो."

तिची चूक एका ओळीत दुरुस्त झाली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आता कुणी तोतरेसाहेब म्हटलं की ती अंगावर धावून जाते. लोक आणखी हसतात.

परवा तिने त्यांना फोन लावला. मी शेजारीच भाजी निवडत होते. पलीकडून हसरा आवाज आला, "हां, तोतरे बोलतोय."

सून हसली नाही. कामाचं बोलली, फोन ठेवला आणि मी निवडलेली भाजी पुन्हा निवडायला बसली.