टाकीतून आलेलं 'ठीक'

सुरुवातीलाच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या गावच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी एकदा तिठ्यावर उतरवून टाकलेली लिंबं आमच्याकडूनच गोळा करून घेतली, धुतली, आणि त्यांचं सरबत करून अख्ख्या वर्गाला पाजलं. कुणाला काही झालं नाही. माझी भीती तेव्हा गेली ती गेलीच... असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

गाव सटाण्याजवळ. वडील मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कॉलेजची सगळी वर्षं मी दिंडोरीला ताईकडे राहिलो. दाजी तिथल्याच एका वायनरीत टाक्या धुण्याच्या कामावर. स्वतः कामाला जायच्या आधी ते रोज मला मोटरसायकलवरून स्टँडला सोडायचे. थंडीत हात आखडायचे, तरी सोडायचे. एकदाही बोलून दाखवलं नाही. आज मी नाशिक रोडला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला आहे, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

आता कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वाइनच्या स्टीलच्या टाक्या रिकाम्या झाल्या की माणूस आत जाऊन धुतो. टाकीला खाली एक लंबगोल दार असतं, त्यातून वाकून आत शिरायचं. आत गॅस साठलेला असू शकतो. त्याला रंग नाही आणि माणूस बघता बघता कोसळतो. म्हणून एक जण बाहेर उभा राहतो. तो अधूनमधून हाक मारतो, आतला 'ओ' देतो. ओ आली नाही की बाहेर ओढायचं. पण पंपाच्या आवाजात हाका नीट ऐकू येत नाहीत, म्हणून दाजींच्या वायनरीच्या मालकांनी आमच्या कंपनीला सांगितलं की यंत्राने करा. आम्ही केलं ते असं – ठरावीक वेळाने टाकीपाशी भोंगा वाजतो, आतल्या माणसाच्या गळ्यात एक नारिंगी रिमोट असतो, त्याने बटण दाबलं की माझ्या लॅपटॉपवर 'ठीक' अशी ओळ येते. आली नाही तर मोठा अलार्म.

हा प्रोग्रॅम मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. त्यात 'निनावी फंक्शन' नावाचा प्रकार असतो. आपण घरच्यांना सांगतो ना, पोचलास की मिस कॉल दे... तसं. आपण कामाचा एक छोटा तुकडा लिहून दुसऱ्याच्या हातात देतो – 'बटण दाबलं गेलं की हे चालव'. त्या तुकड्याला नाव द्यायची गरज नसते. आणि तो चालवताना समोरचा जी माहिती देतो तिला आर्ग्युमेंट म्हणतात. माझ्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट मिळणार होतं – टाकीचा नंबर. समजा कुणी दोन दिली तरी ही भाषा तक्रार करत नाही. आपण एकच हात पुढे केला आणि समोरच्याने दोन पिशव्या आणल्या, तर दुसरी मुकाट दाराशी पडून राहते. आपल्याला कळतही नाही.

चाचणीचा दिवस. दुपारचं जेवण झालेलं. मी टाकीपासून थोड्या अंतरावर, खांबाआड टेबल टाकून लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आत ब्लोअर लावून, मीटरने हवा तपासून झाली होती. सुपरवायझर पलीकडच्या टाकीपाशी होते. बाहेर उभे राहायला तुळशीराम भाऊ, पेठकडचे, दाजींचे जुने जोडीदार. आत जायच्या आधी दाजींनी माझी थट्टा केलीच. "मेव्हणं, तुमचा भोंगा लय रडका हाय. तुळशीरामचा आवाज बरा." तुळशीराम भाऊ म्हणाले की आता त्यांना पगारी झोप मिळणार. सगळे हसले. दाजी आत गेले.

भोंगा वाजला. 'ठीक'. परत भोंगा, परत 'ठीक'. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण शिकलेलं कुणाच्या तरी जिवाच्या कामी येतंय, तेही दाजींच्या. मधे तुळशीराम भाऊ पाण्याचा पाइप सोडवायला पंपाकडे गेले.

मग एक ओळ आली – 'ठीक'. आणि त्यानंतर भोंगा वाजला.

मला वाटलं दाजी चेष्टा करतायत, आधीच बटण दाबून ठेवलंय. पण पुढच्या वेळीही तसंच. आधी उत्तर, मग प्रश्न. मी त्यांना विचारायला उठलो. खांबाच्या पुढे आलो आणि पाहिलं, तर दाराशेजारच्या नळाला दाजींचा शर्ट अडकवलेला होता आणि खिशातून नारिंगी दोरी लोंबत होती. रिमोट खिशातच होता. ओल्या हाताने सुळसुळतो म्हणून त्यांनी तो आत नेलाच नव्हता.

मी मागे वळून लॅपटॉपकडे बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत आणखी एक 'ठीक' आलं.

मी दारापाशी गुडघ्यावर बसलो आणि ओरडलो, "दाजी!"

आतून आवाज आला, "ओ."

दाजींचाच आवाज. स्टीलच्या टाकीत घुमतो तसा, पण स्पष्ट. माझा जीव भांड्यात पडला. मी मोबाइलचा टॉर्च आत मारला... आणि दाजी पलीकडच्या भिंतीशी कुशीवर पडलेले होते. तोंड भिंतीकडे. हातातला ब्रश सुटून बाजूला. त्यांची काही हालचाल नव्हती.

तुळशीराम भाऊ धावत आले होते. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. परत "ओ" आली. तीच, तशीच. टाकीत दाजी होते आणि दाजींशिवाय कुणी नव्हतं. तुळशीराम भाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी त्यांच्या. ते आत उडी घेणार होते, पण सुपरवायझरनी मागून धरलं, कारण वाचवायला जाणारेच अशा वेळी मरतात. ऑक्सिजनचा मुखवटा लावून सुपरवायझर स्वतः आत सरपटले. आम्ही पायाला धरून दाजींना बाहेर ओढलं. मधल्या काळात माझा लॅपटॉप एकामागून एक 'ठीक' लिहीत होता. अलार्म वाजला नाही. का वाजेल? उत्तरं येत होती ना.

दाजी श्वास घेत होते, पण शुद्धीवर नव्हते. नाशिकच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूला किती वेळ हवा मिळाली नाही ते जागे झाल्यावरच कळेल, जागे झाले तर. ताई बाहेरच्या बाकावर बसून होती.

गॅस शेजारच्या टाकीतून पाझरला हे पुढे सिद्ध झालं, त्यात काही गूढ नाही. माझा प्रश्न वेगळा होता. बटण कोणी दाबलं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसला गेलो. लॅपटॉप मी बंद न करता तसाच बॅगेत कोंबला होता, त्यामुळे प्रोग्रॅम आत जिवंत होता. माझे वरिष्ठ, अमोल सर, यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चांगला माणूस. ते म्हणाले, लूपमध्ये, म्हणजे एकच काम ओळीने अनेकांसाठी करून घेताना, निनावी फंक्शन बनवलं की नवशिके एक हमखास चूक करतात. सगळी फंक्शनं शेवटचाच नंबर धरून बसतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर पडतं. तीच झाली असेल. त्यांनी माझा कोड उघडला. ती चूक नव्हती. आणि असती तरी... रिमोट एकच होता, लूप लावायला दुसरं काही नव्हतंच.

चाचणीसाठी मी एक ओळ घातली होती – फंक्शनला शेवटच्या वेळी जे जे दिलं गेलं, ते सगळं धरून ठेव. सरांनी ते उघडून बघितलं.

आर्ग्युमेंट्स दोन होती.

पहिलं, टाकीचा नंबर. बरोबर. दुसरं होतं एक फंक्शन. निनावी.

हे ज्यांना रोजचं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या धंद्यात शेवटच्या जागी कुणी फंक्शन देतं, त्याचा अर्थ ठरलेला असतो – तुझं काम उरकलं की हे चालव, म्हणजे मला कळेल. थोडक्यात, 'झालं की सांग'. मी ते दिलेलं नव्हतं. रिमोटची जी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आम्ही वापरतो तिचा सगळा कोड आम्ही तिथेच वाचला. ती फक्त नंबर देते. आम्ही त्या फंक्शनच्या आत काय लिहिलंय ते स्क्रीनवर छापून बघितलं. नाव रिकामं, आणि आतल्या मजकुराच्या जागी एवढंच – 'नेटिव्ह कोड'. म्हणजे आतलं दिसणार नाही. असं एरवीही दिसतं, त्यात विशेष नाही, असं सर म्हणाले. पण त्यांचाही आवाज जरा उतरला होता.

"चालवून बघू," ते म्हणाले. "कळेल काय ते."

मी नको म्हणालो. ते हसले. "अरे, फंक्शन आहे ते. साप नाही."

मी ते ज्या नावाखाली धरून ठेवलं होतं, ते नाव त्यांनी टाइप केलं. पुढे दोन कंस टाकले. कंस टाकून एंटर दाबलं की फंक्शन चालतं, त्याला कॉल करणं म्हणतात. एंटर दाबायचं राहिलं होतं, तेवढ्यात माझा फोन वाजला. ताई होती. ती रडत होती, आनंदाने.

"अरे, ते बोलले. डोळे मिटेलच हायेत, पण आत्ता 'ओ' म्हणले बघ. कोणी हाक मारल्यावर म्हणतात ना, तसं."

मी विचारलं, तू हाक मारली होतीस का? नाही म्हणाली. नर्सने? तिथे नर्स नव्हती. कुणीच नव्हतं.

सरांचं बोट एंटरवर होतं. उत्तर आलं होतं, हाक अजून जायची होती. मी त्यांचं मनगट धरून हात बाजूला केला. सरांच्या अंगाला मी कधी हात लावलेला नाही, माझ्याकडून ते होणारही नाही एरवी. लॅपटॉपचं पॉवरचं बटण दाबून धरलं, स्क्रीन काळी होईपर्यंत.

सरांनी ताईचा आवाज फोनमधून ऐकला होता. ते खुर्ची मागे सरकवून टेबलापासून दूर झाले.

दाजी संध्याकाळी जागे झाले. देवाची कृपा म्हणा, डॉक्टरांची म्हणा, सगळं शाबूत. फक्त खूप थकलेले. चार घास खायला लागले तेव्हा मी धीर करून विचारलं, आत काय आठवतं. त्यांनी आधी टाळलं. मग ताई पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाले –

"तू हाका मारत व्हता, ते ऐकू येत व्हतं. मला ओ द्यायची व्हती. पण माझ्या पाठीशी कोनतरी बसेल व्हतं. मी तोंड उघडायच्या आधी तेच ओ द्यायचं. माझ्या आवाजात."

मी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी, इथे दवाखान्यात? त्यांना काही आठवत नव्हतं. एवढंच म्हणाले की कुणीतरी बोलवायला येणार आहे असं वाटत होतं, आणि निघायची तयारी झाली होती. मग कुणी आलंच नाही.

तो लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा त्यात काहीच शिल्लक नव्हतं. तोच प्रोग्रॅम, तोच रिमोट, ऑफिसात आम्ही पुष्कळ वेळा चालवला. प्रत्येक वेळी एकच आर्ग्युमेंट. वायनरीने ते यंत्र घेतलं नाही. दाजी आता बाटल्यांच्या पॅकिंगला आहेत, टाक्यांकडे जात नाहीत. तुळशीराम भाऊंनी ते कामच सोडलं.

मी हा प्रकार, दाजींचा भाग वगळून, प्रोग्रॅमर लोकांच्या एका फोरमवर विचारला होता. हुशार हुशार माणसांनी वेळ काढून उत्तरं दिली, त्यांचे आभारच आहेत. मेमरीत काही बिघडलं असेल, लायब्ररी कुणीतरी बदलली असेल, असं बरंच काही. एकही लागू पडलं नाही. शेवटी बहुतेकांनी एकच लिहिलं – फंक्शन हातात होतं तर कॉल करून बघायला काय हरकत होती, उत्तर तिथेच मिळालं असतं.

मिळालं असतं. ते मला माहीत आहे.