उचलले ना दगड?

फोन आला तेव्हा मी ओसरीवर बसून सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं शिवत होतो. दिवेलागण व्हायची होती. शेजारच्या शेतातला विठ्ठल बोलत होता, पण त्याला दम लागल्यामुळे शब्द नीट येत नव्हते. "गजाननभाऊ गेले रे शाम... तुह्या वावरापाशी. दगडावर गाडी गेली त्याइची." गजानन म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावर बसलेला, माझा सगळ्यात जुना मित्र. तो गेल्याचं कानावर पडलं आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? दगड कोणाचे? हे लिहिताना मला माझीच घृणा वाटते, पण आलं ते हेच. दीड महिना झाला, अजून तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसून आहे.

शहरातल्या वाचकांना दगडांचं सांगायला हवं. शेलूबाजारहून आमच्या गावाकडे येणारा रस्ता डांबरी झाला आणि आमचं खळं रस्त्यावर आलं. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर पसरायचं, डांबरावर ते लवकर वाळतं. त्यावरून गाड्या जाऊ नयेत म्हणून कडेने डोक्याएवढे दगड मांडायचे. माल वाळला की पोती भरायची आणि घरी जायचं. दगड तिथेच राहतात. ते मांडायला घरचं झाडून सगळं माणूस असतं, उचलायच्या वेळी मात्र प्रत्येकाला काही ना काही काम निघतं. आम्ही सगळे असेच आहोत. मी शाळेत मास्तर होतो, मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचो, आणि मीही असाच.

गजानन शिकून पुण्याला गेला. गाडीच्या काचेमागे कॅमेरा लावायचा, पुढे माणूस, जनावर, वाहन दिसलं की चालकाला इशारा द्यायचा, अशा यंत्रावर तिथे संशोधन चालायचं, त्यात तो होता. वहिनी मात्र इथेच राहिल्या, सासूबाईंचं करायला. पुण्याच्या रस्त्यावर शिकलेलं यंत्र आपल्याकडे अंगठाबहाद्दर ठरतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून सुगीच्या दिवसांत तो चाचणीची गाडी घेऊन यायचा आणि मला शेजारी बसवायचा. मांडीवर एक वही द्यायचा. तीन रकाने: ठिकाण, वस्तू, यंत्राला दिसली का. शेलूबाजार ते कामरगाव आम्ही किती फेऱ्या मारल्या असतील! बकरी दिसली की यंत्र पिकपिक करायचं. मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीला कधी ओळखायचं, कधी नाही. एकदा तर चौकातल्या वाढदिवसाच्या बॅनरवर हात जोडून उभ्या असलेल्या पुढाऱ्याला पाहून त्यानं असा काही कल्ला केला की गजाननने करकचून ब्रेक मारला. मी हसून हसून लोळलो. तो मात्र हसला नाही. "तू हसून राह्यला. इथं कागदावरच्या मानसासाठी ओरडते अन् खऱ्या दगडापाशी चूप बसते हे," म्हणाला.

दगडांपाशी ते खरंच गप्प असायचं. वहीची पानंच्या पानं मी लिहिली: दगड, नाही. दगड, नाही. पुण्यात यंत्राला शिकवायचे फोटो निवडताना प्रत्येक वस्तूला नाव द्यावं लागतं. गजाननने दगडांसाठी वेगळं नाव मागितलं. वरिष्ठ म्हणाले, हे दगड काही रस्त्याचा भाग नाहीत, त्यांचं ग्रामपंचायतीनं पाहावं. तुम्ही ते 'इतर'मध्ये टाका. तीन वर्षं तो त्या एका शब्दाशी भांडला. शेवटी प्रकल्पच दुसऱ्या कामाकडे वळला आणि गाडी यायची बंद झाली. मग सुटीत आला की हा शहाणा माणूस भावाच्या मोटारसायकलवरून उतरून हातानं दगड उचलून कडेला टाकायचा. लोक मजा घ्यायचे, "एवढे शिकले साहेब, अन् दगडंच उचलून राह्यले!" त्या हसणाऱ्यांत मीही असायचो.

माझ्या दगडांवरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. "तू तर वही लिहिली ना रे? तुले तरी समजाले पायजे!" मी म्हणालो, मग सोयाबीन काय तुझ्या डोक्यावर वाळवू? दुसऱ्या दिवशी तो बाजारातून चुना घेऊन आला आणि माझ्या वावरासमोर उकिडवा बसून एकेक दगड पांढरा करत राहिला. "ठेवशीनच तर दिसू तरी दे लोकाइले." त्याच्या नखांत दोन दिवस चुना होता. तरीही माझ्या शेतापाशी आला की तो हटकून गाडी हळू करायचा. माझा त्याला भरवसा नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

यंदा दसऱ्याला आला. अपघाताच्या दिवशी सकाळी शेलूबाजारच्या फाट्यावर चहा घेताना त्यानं विचारलं, "उचलले ना दगडं?" दोन दिवसांपूर्वी आभाळ भरून आलं म्हणून मी घाईघाईत माल उचलला होता. मजुरांना जाता जाता म्हटलंही होतं, दगड बाजूला करा. त्यांनी केले की नाही ते पाहायला मी गेलो नव्हतो. पण सकाळी सकाळी कुठे त्याचं व्याख्यान ऐका... "उचलले ना बावा," मी म्हणालो, आणि बशीतला चहा प्यायलो. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी मी तिथे पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलेलं होतं. हेल्मेट होतं डोक्याला, मार छातीला बसला. मोटारसायकल नालीत पडली होती आणि तिच्याजवळ तो दगड. पावसानं चुना धुतला होता, पण एका खाचेत पांढरं राहिलं होतं. मी ते पाहिलं, आणि मान वळवली. पंचनाम्यात 'रस्त्यावर पडलेला दगड' असं लिहिलं गेलं. आमच्या त्या सपाट मुलखात दगड कुठून पडणार? पण मी पंच म्हणून सही केली. तेराव्याला लोक म्हणाले, वेळ आली होती त्याची. मी मान डोलावली. इतका नालायक माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

हे छापायला देण्याआधी मी वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं, सकाळच्या चहासकट. त्या रडतील, मला हाकलून देतील, असं वाटत होतं. निदान तेवढं तरी व्हावं अशी इच्छा होती. त्यांनी पदराचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारी जेवाले आले तं मले म्हने, शामनं यंदा सोताहून दगडं उचलले. लय खुश होते, भाऊजी. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या."

नंतर आत जाऊन त्यांनी ती वही आणून दिली. "तुमचंच अक्षर हाय," एवढंच बोलल्या.

वही आता माझ्या टेबलावर आहे. काल रात्रीपर्यंत मी ती उघडली नव्हती. आज सकाळी उघडली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं. ठिकाण: माझ्या वावरासमोर. वस्तू: दगड. दिसली का: नाही. कोणाची, असा रकाना त्या वहीत नव्हता. मी पट्टी घेऊन तो आखला आणि त्यात माझं नाव लिहिलं.