घासलेला आकडा

बापू मिस्त्रींनी मला फसवलं. जुन्या अमेरिकन गाडीचं म्हणून त्यांनी मला भलत्याच इंजिनाचं हेड विकलं.

आज सकाळी तो बिडाचा जड ठोकळा रॉकेलनं पुसताना कळलं. हेड कुठल्या इंजिनाचं ते सांगणारा मूळ आकडा बिडाबरोबरच ओतलेला असतो, तो बोटाला उंच लागतो. इथे ती जागा कानशीनं सपाट करून नवा आकडा ठोकला होता. ठोकलेला आकडा बोटाला खोल लागतो. हेही मला बापूंनीच शिकवलं. "डोळ्यांवर जाऊ नकोस, बोट फिरव," म्हणायचे. त्या एका शिकवणीवर मी जुन्या पार्टांच्या धंद्यात फुटपाथवरून दुकानात आलो. बोट फिरवू दिलं नाही म्हणून बाजारात कितीतरी जणांशी भांडलो.

हे हेड घेतलं त्या दिवशी बापूंकडेही बोट पुढे गेलंच होतं. ते हसले. "काय रे, आता माझाही माल तपासणार?" मला लाज वाटली. मी हात मागे घेतला.

माणसावरही असा एखादा ओतलेला आकडा असेल, कोण जाणे. असला तरी ज्याच्यावर जीव असतो, त्याच्यावर आपण बोट फिरवत नाही.

हेड समोर पडलंय आणि माझं बोट पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यांवर जातंय. घासकाम सुबक आहे, कुठे घाई नाही; हा हात बापूंचाच. बापू, पैशांचं राहू द्या. इथे या आणि माझ्या तोंडावर सांगा, कानस चालवताना हे हेड माझ्याकडेच येणार, हे तुम्हाला ठाऊक होतं का?