थांब, नाव येवंदे

एका सोमवारी दुपारी डॉक्टर गेले. दवाखान्यातल्या ग्रामोफोनवर तबकडी होती. त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, ती काढून पाकिटात घातली आणि कुंपणापाशी येऊन मला, शेजारणीला, हाक मारली.

मालवणात ज्यांनी डॉक्टरांकडून होमिओपॅथीच्या गोळ्या नेल्या, त्यांना आठवत असेल : पुडी बांधून झाली तरी गाणं संपेपर्यंत ती आपल्या हातात पडत नसे.

"डॉक्टरांनू, माजी एस्टी चुकात!" तारकर्लीची एखादी बाई कळवळायची.

"थांब गो, नाव येवंदे."

आणि नाव यायचं. गाणं संपता संपता, त्या खरखरीतून, गाणारी बाई आपलं नाव ठणकावून सांगायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चकित झाले होते. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीच्या तबकड्या परदेशात छापल्या जात. कोण गातंय हे तिथल्या कारागिराला कसं कळणार? म्हणून नावही गाण्याबरोबरच धाडायचं. पुढे नाव सांगायची ती चाल मोडली. नाव फक्त मधल्या गोल कागदावर, लेबलावर, उरलं.

मी ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तकाचं पहिलं पान मी जसं बघते तसं डॉक्टर लेबल बघत. एका कंपनीचं चित्र मोराचं, दुसरीचं जहाजाचं. छोट्या कंपन्या थोडे दिवस चालत आणि मोठीच्या पोटात जात. त्यांच्या तबकड्या मग कुठे सापडत नाहीत.

अशाच एका कंपनीसाठी डॉक्टरांच्या आईने लग्नाआधी एक गाणं म्हटलं होतं. एकच. तिची तबकडी दवाखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे. हिरवं लेबल, त्यावर गलबत, खाली आईचं नाव. तबकडी मात्र परातीसारखी वाकलेली.

ते काम काकींचं. नवी नवरी असताना, पावसाळा सरल्यावर, गोधड्या आणि आमसुलांबरोबर त्यांनी तीही अंगणात उन्हात घातली.

"बुरशी इलेली, म्हणान घातलंय," काकी अजूनही सांगायच्या. तबकडी लाखेची असते, उन्हाने मऊ पडते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आमसुलां बरी सुकली," डॉक्टर म्हणायचे. "माजी आवस तेवडी वाकली."

"आणि किती वर्षां टोमणे मारतल्यात?"

ते हसायचे. पण आई गेली तेव्हा ते लहान होते आणि तिचा आवाज त्यांना आठवत नव्हता. दुसरी प्रत मिळावी म्हणून ते फोंडाघाटच्या बाजारापासून नांदगावपर्यंत भंगारवाल्यांकडे फिरत.

गेल्या वर्षी नांदगावहून त्यांनी एक गठ्ठा आणला. त्यातल्या एका तबकडीचं लेबल ओलीने पार गेलेलं. डॉक्टरांनी भिंतीवरची वाकडी तबकडी उतरवली. लेबलाच्या कडेला लाखेत बारीक आकडा उमटवलेला असतो, दर गाण्याचा वेगळा. तो आधी वाकडीवर, मग नव्या आणलेलीवर बोटाने चाचपला. पुन्हा चाचपला. मग मला म्हणाले, "तू वाच गो. माका आज नीट दिसणा नाय."

आकडा एकच होता.

त्यांनी ती लावून ग्रामोफोनला किल्ली दिली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज आला, थोडा घाबरलेला. दुसऱ्या कडव्यात तिचा श्वास पुरला नाही, तिने तो मध्येच घेतला. काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. गाणं संपलं. सुई नुसतीच घासत राहिली. मी उठायला लागले.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "नाव येवंदे."

ते येणार नव्हतं. ती चाल आईच्या गाण्याआधीच मोडली होती, आणि हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

तेव्हा काकी बोलल्या. सासूचं नाव त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे सुना ते घेत नाहीत. लेबलावर होतं तसं, माहेरच्या आडनावासकट, त्यांनी ते मोठ्याने सांगितलं.

डॉक्टर सुई उचलायला विसरले.

आता दवाखाना बंद आहे. वाकडी तबकडी खिळ्यावर आहे, सरळ तबकडी ग्रामोफोनवर. दर सोमवारी दुपारी काकी ती लावतात. मी कुंपणाच्या अलीकडे शेवटपर्यंत थांबते. नाव येतं.