दटावणारी सिस्टर

आमच्या बाळकुमच्या दवाखान्यातली सिस्टर तान्ह्या बाळांना सारखी दटावते. थोरलीच्या वेळेपासून बघतेय मी. "काय गं, आईला झोपू देत नाहीस?" म्हणत वजन करणार, नाळ बघणार. सिस्टर गप्प झाली, की मात्र आयांनी समजायचं, काहीतरी बिनसलंय.

परवा माझ्या धाकट्याचे गाल पिवळे दिसले आणि ती गप्प झाली. मला वाटलं, कावीळच. तिने त्याला खिडकीपाशी नेलं, डोळे पाहिले, छाती बोटाने दाबून पाहिली. मग ओला कापूस गालावरून फिरवला, तर कापूसच पिवळा झाला.

भाच्याच्या हळदीतून थेट आलेल्या सासूबाईंनी हळूच हात पदराखाली घेतले.

सिस्टरचा आवाज परत आला आणि माझ्या जिवात जीव आला. "काय रे, अजून नाळ पडली नाही, आणि हळद लावून घेतलीस?"