स्टोअरकाकांचं घर

छत्रपती संभाजीनगरात गेल्या पंचवीस वर्षांत बांधलेली एकही इमारत अशी नसेल, जी आमच्या स्टोअरकाकांनी आतून पाहिलेली नाही. चितेगावच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागलो तिथं ते स्टोअर सांभाळत. नटबोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात, म्हणून मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना स्टोअरकाकाच म्हणायचे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पण नोकरी हा त्यांचा जोडधंदा होता. खरा धंदा घरं बघण्याचा. सुटीच्या दिवशी लोक देवळात जातात, पोराबाळांना घेऊन बागेत जातात. काका सॅम्पल फ्लॅट बघायला जात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बुटांना पॉलिश, आणि सकाळी दहाला माझ्या दारात हाक, "काढ गाडी! गारखेड्याला नवं काम निघालंय. तू माझा धाकटा भाऊ. तोंड उघडू नको, नुसती मान हलव."

त्यांची घर बघण्याची रीत पाहून भल्याभल्या बिल्डरांची माणसं घामाघूम होत. कलिंगड वाजवून पाहावं तशी ते आधी प्रत्येक भिंत वाजवून पाहत. मग सगळे नळ सोडत, सगळ्या खिडक्या उघडून लावत, आणि शेवटी बेडरूममध्ये जाऊन सरळ फरशीवर आडवे होत. एकदा सातारा परिसरातल्या एका स्कीमवर चहा घेऊन आलेला सेल्समन गिऱ्हाईक डोळे मिटून उताणं पडलेलं पाहून ओरडलाच. काका पडल्या पडल्या म्हणाले, "ओरडू नका हो. आडवं पडल्याशिवाय खोली कळत नाय." त्यानंतर येई तो पाण्याचा प्रश्न. सेल्समन मोठ्या तोऱ्यात "चोवीस तास पाणी, सर" म्हणाला की काका रंगीत माहितीपत्रकाची घडी घालून खिशात ठेवत आणि म्हणत, "अख्ख्या शहराला आठवड्यानं येतंय आणि तुमच्याकडं चोवीस तास? जायकवाडी तुम्हीच बांधली का?"

स्वयंपाकघरात मात्र ते एकदम गंभीर होत. ओट्याला पोट लावून उभे राहत आणि ओट्याची कड शर्टाच्या कितव्या बटणाला लागते ते मान खाली घालून बघत. पहिल्यांदा मला काही समजेना. विचारलं तर म्हणाले, "चौथ्या बटणाच्या वर गेला तर उंच झाला. हिचे खांदे दुखतात." या माणसाला बायको आहे हे मला तेव्हा कळलं.

काकू कन्नडला राहत. तिथं काकांच्या वाटणीला आलेल्या दोन खोल्या होत्या, काकू ब्लाउज शिवत आणि मुलीला वाढवत. कन्नडहून चितेगावला रोज येऊन-जाऊन नोकरी करणं शक्य नव्हतं, म्हणून काका शहरात एकटे. पंधरा दिवसांनी एसटीनं जायचे, एक रात्र राहून परत यायचे. मी नवीन असताना एकदा बोलून गेलो, "काका, भाड्याचं घर घेऊन काकूंना इकडं आणा की." त्यावर ते चिडले नाहीत, लहान मुलाला समजवावं तसं मला समजावून सांगितलं. तिघांपुरत्या घराला निम्मा पगार जाणार. उरलेल्यात खायचं काय आणि पोरीला शिकवायचं काय? तिकडं निदान भाडं नाही. "अन् भाड्याच्या घरात हिला आणायची नाय, असं मी ठरवलंय," ते म्हणाले. "माझा मी एकटा ऐकून घेतो मालकाची कटकट. तिनं का ऐकावी?"

मालकाची कटकट त्यांना चांगलीच ठाऊक होती. पहिली खोली शहागंजात, एका भांड्याच्या दुकानाच्या वर. दिवसभर खालून पातेल्यांचा असा आवाज यायचा, की काका म्हणत, माझ्या खोलीत नसेल तेवढं सामान माझ्या कानात आहे. तिथलं भाडं वाढलं तसे ते उस्मानपुऱ्याला गेले, तिथलं वाढलं तसे रेल्वे लाइनच्या पलीकडं, मग कांचनवाडीला. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि मालक चहाला बोलवायचा. मालकानं चहाला बोलावलं की काका आधी पिशव्या भरून ठेवत आणि मग चहाला जात. असं भाड्यानं ढकलत ढकलत त्यांना शहराच्या मध्यातून पैठण रोडला आणून सोडलं. "कंपनी जवळ आली बघ," ते म्हणत, "आता दोन भाडीवाढीत थेट गेटवरच राहायला जाईन."

महागाईशी त्यांचं भांडण घरगुती होतं. डाळीबद्दल ते नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलत. "तूर आता आपल्यात उठत-बसत नाय. लई मोठी झाली ती." मग काही महिने मुगाची खिचडी. टोमॅटो महागले की चिंच. कांदा वाढला तेव्हा ते शेजारणीच्या फोडणीच्या वेळी आपली खिडकी उघडून भाकरी खायला बसत. "वासाला अजून भाव लागला नाय," असं वर मलाच सांगत. आमच्या युनियनचा पगारवाढीचा करार झाला त्या दिवशी कंपनीत पेढे वाटले. काकांनी आपला पेढा कागदात बांधला आणि सुटल्याबरोबर मला घेऊन त्यांनी पाहून ठेवलेल्या एका स्कीमच्या ऑफिसात गेले. टेबलामागच्या मुलीनं त्यांना ओळखलं. चेहरा पाडून म्हणाली, "काका, कालपासून रेट बदलला." नवा रेट तिनं कागदावर लिहून समोर सरकवला. तीन वर्षं भांडून मिळालेली पगारवाढ त्या एका आकड्यात बुडून गेली. काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. मग खिशातून पेढा काढून तिच्यापुढं धरला. "घे पोरी. तुझा तरी पगार वाढला का?" ती म्हणाली, "नाय काका." "मग अर्धा अर्धा घेऊ," म्हणून त्यांनी खरोखरच तो पेढा मोडला. परत येताना गाडीवर मागून त्यांचा आवाज आला, "पगार पायी निघतो रे, अन् भाव मोटरसायकलवर. गाठ कशी पडायची?"

त्यांना घर मिळालं नाही, पण त्यांच्यामुळं कंपनीतल्या निदान दहाबारा जणांना मिळालं. त्यातला एक मी. गारखेड्याच्या मागे दोन खोल्या-स्वयंपाकघराचा एक फ्लॅट कुणीतरी घाईनं विकत होतं. काकांनी तो चार वेळा पाहिला. चारही वेळा फरशीवर पडून पाहिला. ओटा बरोबर चौथ्या बटणाला. तोवर त्यांच्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं होऊन लग्न ठरलं होतं, आणि घरासाठी साठवलेलं त्यात जाणार होतं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, बायकोलाही नोकरी; दोघांच्या पगारावर बँक कर्ज द्यायला तयार होती. काका एक दिवस डबा खाता खाता म्हणाले, "तो फ्लॅट तू घे." मी म्हटलं, "काका, तो तुमचा आहे." ते म्हणाले, "पाहिला म्हणून माझा व्हय? घे तू. ओळखीच्यानं घेतला तर अधूनमधून येऊन तरी बसता येईल." मी घेतला. नको म्हणायला हवं होतं असं मला आजही वाटतं, आणि त्या वेळी नको म्हटलं नाही हेही खरं. वास्तुशांतीला काका-काकू दोघं आले. काकूंनी माझ्या बायकोला हातानं शिवलेलं ब्लाउज दिलं आणि सगळं घर हिंडून पाहिलं. बाल्कनीत मात्र गेल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "छान हवा येते हो इथं." काका त्यानंतर वर्षातून एखादवेळेस येत. सोफ्यावर टोकाला बसत, चहा घेत, आणि आतल्या खोल्यांकडं बघायचं कटाक्षानं टाळत.

मग ते निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी एकदम हातात आली आणि महिनाभरात काकांनी घर घेतलं. चितेगावच्या अलीकडं, शेताचे प्लॉट पाडून उभ्या केलेल्या इमारतीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. हातातल्या पैशात तेवढंही पुरं बसत नव्हतं. निवृत्त माणसाला लांब मुदतीचं कर्ज कोण देणार? एका पतसंस्थेनं थोड्या वर्षांचं दिलं, हप्ता जबर. तो भरायला काका दुसऱ्याच महिन्यापासून पुन्हा आमच्याच स्टोअरमध्ये आले. आता ठेकेदाराकडून, निम्म्या पगारावर, त्याच खुर्चीत.

काकू आल्या. नवव्या दिवशी परत निघाल्या. माझ्या चारचाकीतून मीच दोघांना बसस्थानकावर घेऊन गेलो. काका पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, "काय झालं हो काकू? काही बोलणं झालं का?"

"नाय दादा," त्या म्हणाल्या. "हे बोलत्यात कुठं मला? माणूस लई चांगलंय. पण सकाळी साडेसातला गेलं की दिवस बुडता येतं. खाली बघावं तर बिनमाणसाचे प्लॉट. दारं सगळी बंद. कन्नडला माझ्या दारातल्या ओट्यावर दिवसभर बायका असत्यात, मशीन चालू असती, लेक गल्लीतच दिलीय. पंचवीस वर्षांपूर्वी आणलं असतं तर मी इथलीच झाले असते." मग पिशवी जवळ ओढत त्या म्हणाल्या, "ह्यांना म्हटलं, चला तुम्हीच तिकडं. पण हप्ते आहेत ना."

काका बाटली घेऊन आले. गाडी लागली. त्यांनी खिडकीतून बाटली दिली, पिशवी दिली, "घाटनांद्र्याच्या बाजूची नाय ना ही, कन्नडचीच ना?" असं कंडक्टरला दोनदा विचारलं, आणि एसटी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

परवा सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. ते फार आनंदले. खोली दाखवली, नळ सोडून दाखवला, मला खुर्ची देऊन स्वतः फरशीवर बसले. चहा त्यांनी चांगला केला होता. मी काकूंची चौकशी केली.

"बरी आहे. रोज फोन असतो," ते म्हणाले. "पण आता फोनवर लवकर संपतं बघ. आधी कसं होतं, मी नवं घर पाहून आलो की रात्री तिला सांगत बसायचो. दार कुणीकडं, खिडकी कुणीकडं, देव कुठं ठेवू, मशीन कुठं ठेवू. ती विचारायची, मी सांगायचो. अर्धा-अर्धा तास. इतकी वर्षं आम्ही तेच बोललो." त्यांनी खोलीभर एकदा नजर फिरवली. "आता काय सांगू? हे तिनं पाहिलंय."

कप खाली ठेवून मी उठलो, तसे ते म्हणाले, "थांब की जरा. उजेड आहे अजून."

मी पुन्हा बसलो.